अर्धा नेपच्यून

सिग्नल फक्त पाळीवर येतो, सलंगाजवळ,
म्हणून लॅपटॉप मांडीवर घेऊन मी तिथे,
आणि बा शेजारी,
फाटल्या जाळ्याला गाठी मारत.

वैशाख. गावात लाइन गेलेली.
रात्रीचे साडेनऊ, दगड अजून कढत.
फाइल वरून खाली उतरतेय,
एक ओळ, मग थांबा, मग एक ओळ.

"कोन व्हय हा?"
नेपच्यून, बा. शेवटचा.
"शेवटचा मंजे लहाना?"
नाही. लांबचा.

मग त्याला दुर्बिणीचं सांगते.
पंधरा लाख किलोमीटरवर आहे, एकटी.
तिला ऊन सोसत नाही.
पाच पदरांची छत्री धरून असते,
एकेक पदर केसाएवढा.
अलीकडे हात भाजेल,
पलीकडच्या थंडीला माझ्याकडे आकडा आहे, शब्द नाही.
आई सत्तर पानांचा पुडा बांधता बांधता ऐकते.
तेंदूपत्त्याला निघताना तीही दुपट्ट्याच्या
पाच घड्या घालते डोक्यावर.
"माह्याएवढ्याच," म्हणते,
आणि पुढचा पुडा घेते.

शुक्रापाशी गाडी अडली.
बा शुक्र बघून डोंगा सोडतो, रोज.
"तिच्यातून शुक्र कसा दिसते?"
नाही दिसत.
तो सूर्याच्या अंगाला. तिकडे एकदा वळली
तर डोळाच जाईल तिचा.
बुध नाही, शुक्र नाही.
आपणही नाही, बा.
तो हसत सुटला. एवढ्या पैशाची दुर्बीण,
आणि ह्याला दात घासताना जे दिसतं, ते हिला नाही!
मग हसता हसता गप्प झाला.
"बराबर हाय," म्हणाला,
"कंदिलाकडे तोंड केलं का मासा नाही दिसत."

नागपूरला माझं काम चित्रं साफ करायचं.
भटक्या किरणांचे पांढरे टिपके पडतात,
ते वेचून काढायचे, ग्रहाला धक्का न लावता.
दहावीपर्यंत शिंगाडे सोलले मी,
काटा मोडायचा, गर शाबूत,
बोटं दिवाळी होईस्तोवर काळी.
मुलाखतीत हे सांगितलं नाही.

आणि ग्रह थांबत नाहीत.
तारे धरून बसलं की ग्रह फिसकटतो.
ग्रह धरला की ताऱ्यांच्या रेघा होतात,
डोंग्यातून एकाच माशावर नजर ठेवली
की काठावरचा येन
सरकत जातो तसं.

युरेनस मात्र घरात लगेच कळला.
आडवा पडूनच फिरतो तो.
"चैतूमामासारखा," आई म्हणाली.

ह्या नेपच्यूनची, माणसाला सापडल्यापासून,
एकच फेरी झाली सूर्याभोवती.
आता दुसरी चालू.
बा पाळीवर हात फिरवतो.
ही माती ज्यांनी टोपल्यांनी वाहिली
त्यांच्या वेळी ह्याला नाव नव्हतं.
पाण्याला होतं.

वरची कडी आली,
नव्या नायलॉनच्या दोऱ्यासारखी बारीक.
एक ढग आला. दुसरा.
बाच्या हातातली गाठ अर्धी राहिलेली.
आम्ही तिघं ग्रहाच्या कमरेपाशी पोचलो
आणि बॅटरी संपली.

टिटवी ओरडली, दोनदा.
पाण्यात पुष्कळ तारे होते.
त्यातला एक न लुकलुकणारा, मोठा,
तो कोण ते मला माहीत होतं.
मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बा साकोलीच्या बाजारातून आला,
रिकामी पाटी उतरवली,
आईला पैसे मोजून दिले,
माठातलं पाणी प्याला, दोन गडवे,
आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला,
"त्याचं खालतं अर्धं आलं का वं?"